पुलाजवळची अकरा मिनिटं

सरांचा रविवार ठरलेला असे. चांगलं उजाडलं की ते सायकल काढत आणि बेचाळीस किलोमीटरची फेरी मारून दहाच्या आत घरी येत. ते शाळेत खेळ शिकवत. पन्नाशी उलटली तरी पोटऱ्या दगडासारख्या होत्या. रस्ताही दृष्ट लागावी असा. दोन्हीकडे गवताळ टेकड्या, एक उतरते तोवर दुसरी चढायला लागते. मधून तारेची कुंपणं, दूधडेअरीचं फाटक, आणि तिसऱ्या चढापलीकडे पावणेदोन किलोमीटरचा सरळसोट उतार. तळाशी ओढ्यावरचा बुटका पूल.

त्या रविवारी सर उतारावरही जीव खाऊन पायडल मारत होते. चार वर्षांपूर्वीची स्वतःचीच वेळ मोडायची होती. पुलाअलीकडे त्यांना एक जुनी काळी सायकल गवतात आडवी पडलेली दिसली. तिचं मागचं चाक अजून फिरत होतं. शेजारी एक म्हातारा कुशीवर पडला होता, आणि त्याने एक हात वर केला होता, उत्तर येणारी मुलं वर्गात करतात तसा.

सर थांबले नाहीत. मागून येईल कुणीतरी, असं त्यांनी मनाशी म्हटलं. मागे कुणी नव्हतं, हेही त्यांना ठाऊक होतं.

मंगळवारी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. दुकान मुलीकडे सोपवलेला म्हातारा शिंपी, हृदयविकाराचा झटका, रस्त्यात एकटाच, दीड तासाने सापडला. त्याच दिवशी सरांना सातवीच्या वर्गाला प्रथमोपचार शिकवायचा होता. रबरी पुतळ्याच्या छातीवर हात कसे ठेवायचे ते दाखवायचं होतं. त्यांनी वर्ग मैदानावर नेला आणि मुलांना तासभर पळायला लावलं. बायकोला ते काही बोलले नाहीत.

पुढच्या रविवारी घरी यायला उशीर झाला. सरांना वाटलं, वारा तोंडावर होता. पण हँडलवरचं यंत्र सांगत होतं की सायकल पुलाजवळ अकरा मिनिटं उभी होती. सरांना थांबल्याचं आठवत नव्हतं. उतार आठवत होता, आणि मग एकदम पुलापलीकडचं वळण.

त्यापुढच्या रविवारीही तेच. अकरा मिनिटं. या वेळी यंत्रासोबत मनगटावरचं घड्याळही साक्षीला होतं.

"अहो, हल्ली गुडघ्यांनी सायकल चालवता की काय?" बायकोने हसत विचारलं.

सरांनी खाली पाहिलं. दोन्ही गुडघ्यांना ओली माती लागली होती, त्यात गवताच्या काड्या. घसाही बसला होता, बराच वेळ कुणाची तरी समजूत काढल्यासारखा.

तिसऱ्या खेपेला बायको हसली नाही. तिने यंत्रावरची पुलाजवळची अकरा मिनिटं स्वतः पाहिली. "पुढच्या वेळी मी गाडी घेऊन पुलापाशी थांबते," ती म्हणाली. नको म्हणायला सरांना कारण सापडलं नाही.

पुलापलीकडच्या वळणावर भान आलं तेव्हा ती त्यांच्याकडे धावत येत होती. चेहरा पांढराफटक.

"काय पाहिलंस?"

"तुम्ही उतरलात. सायकल नीट कठड्याला टेकवलीत. मग गवतात गुडघे टेकून बसलात."

"आणि?"

"बोलत होतात. 'आलो ना मी, आलो, आता घाबरायचं नाही.' हेच, पुन्हा पुन्हा. मी हाका मारल्या, तुम्ही वळून पाहिलं नाहीत."

"समोर कोण होतं?"

"कुणी नव्हतं." तिने मागे पुलाकडे पाहिलं. "गवत तेवढं दबलेलं होतं. माणूस झोपतो तसं."

सरांनी तिथेच, रस्त्याच्या कडेला, सगळं सांगून टाकलं. वर केलेला हातसुद्धा. बायकोने त्यांच्या गुडघ्यांवरची माती झटकली. मग म्हणाली, "त्या माणसाच्या घरी जा. हे त्यांना सांगून या."

शिंप्याची मुलगी दुकानात कोट उसवत बसली होती. सरांना पाहताच तिच्या हातातली कात्री खाली आली. त्यांच्या हातात पांढरं हेल्मेट होतं, अंगात निळा शर्ट.

"तुम्हीच का ते?" ती उठून उभी राहिली. "पेपरवाल्यांना काय कळतंय! पलीकडच्या टेकडीवर एक जण गवत कापत होता, त्याने लांबून पाहिलं होतं. पांढऱ्या हेल्मेटवाला माणूस बाबांचा हात धरून बसला होता म्हणे. शेवटपर्यंत."

सरांनी हेल्मेट पाठीमागे धरलं.

"बाबा गेल्यावर तुम्ही निघून गेलात, त्याचा राग नाही हो. कुणीही घाबरेल. पण ते एकटे नव्हते, एवढ्यावरच आमची आई दोन घास खाते आहे. तुम्हीच होतात ना?"

नाही म्हणायचं होतं. त्यासाठीच तर आले होते. मुलीचे डोळे भरून आले होते, आणि कित्येक दिवसांत सरांकडे कुणी असं पाहिलं नव्हतं.

"हो," सर म्हणाले.

तिने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. सरांनी पाय मागे घेतले नाहीत.

"सांगितलंत?" घरी बायकोने विचारलं.

"सांगितलं."

रविवारी ते निघाले, कारण न निघणं म्हणजे बायकोच्या प्रश्नाला तोंड देणं. तिसरा चढ संपला. उतार लागला. या खेपेला काहीच पुसलं गेलं नाही. वारा कानात होता, साखळीची कुरकुर होती, एकेक सेकंद जागच्या जागी होता.

पूल जवळ आला.

कठड्याला एक सायकल टेकवलेली होती.

गवतात कुणीतरी गुडघे टेकून बसलं होतं, रस्त्याकडे पाठ करून. पांढरं हेल्मेट. निळा शर्ट, पाठीवर घामाचा डाग. आवाज बसलेला होता, तरी शब्द स्पष्ट ऐकू आले.

"आलो ना मी, आलो."

सरांची बोटं ब्रेकवर होती. एकदा दाबलं असतं तर सायकल थांबली असती.

त्यांनी बोटं उचलली.

शेजारून जाताना तो माणूस वळला नाही. मागून येणाऱ्या गाडीला वाट करून द्यावी तसा त्याने नुसता डावा हात मागे हलवला. जा, तुम्ही जा पुढे.