मास्तरांचा संध्याकाळचा फोन

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या मावसबहिणीच्या, ताईच्या बाबतीत खरंच घडलंय. तिला साधी थापसुद्धा धड मारता येत नाही.

हिवाळ्यातला शुक्रवार होता. दिवेलागण झालेली. ऑफिसमध्ये शेवटच्या खिडकीपाशी ताई एकटीच उरली होती.

तिच्या कंपनीचं सॉफ्टवेअर आजारी माणसांना फोन करून औषधाची आठवण करून देतं. त्यातला जुना, बाद झालेला कोड काढायचं काम ताईकडे आलं होतं.

तो कोड मास्तरांचा. मास्तर म्हणजे तिचे सीनियर. नव्या पोरांना धरून धरून शिकवायचे, म्हणून हे नाव पडलेलं. दोन वर्षांपूर्वी अपघातात गेले.

"जुनं दिसलं की लगेच कुऱ्हाड घेऊन धावायचं नाही," ते बजावायचे. "आधी घंटा बांधायची. मग वाट बघायची."

घंटा म्हणजे कोडमध्ये टाकलेली एक ओळ. तो कोड कुठूनही चालला की नोंद होते. नोंद झाली, तर कुणीतरी अजून त्याच्यावर अवलंबून आहे. मग हात लावायचा नाही, नाहीतर चालत्या गाड्याला खीळ.

ताईने घंटा बांधली होती. महिनाभर वाट पाहिली होती.

एकही नोंद नाही...

तिने कोड काढला. सगळ्या चाचण्या पास झाल्या. तरी तिला रडू आलं. मास्तरांचं तेवढंच तर उरलं होतं तिथे.

सोमवारी संध्याकाळी तिचा फोन वाजला.

"तुमच्या मास्तरांचा बाप बोलतोय, पोरी."

मास्तर गेले तेव्हा तिनेच त्यांच्या वडिलांना आपला नंबर दिला होता. काही लागलं तर हाक मारा म्हणून.

"बोला ना, बाबा."

"शुक्रवारपासून त्याचा फोन आला नाही गं..."

ताईला आठवलं. त्या कोडमधून जाणाऱ्या सुरुवातीच्या निरोपाला मास्तरांनी स्वतःचाच आवाज दिला होता. आणि फोन करायच्या यादीत पहिला नंबर घातला होता वडिलांचा.

"बाबा, तो रेकॉर्ड केलेला आवाज होता हो."

"तो गेलाय, हे काय मला ठाऊक नाही? बाप आहे मी. पण रोज यायचा फोन. गोळी घेतली का, विचारायचा. गुरुवारी म्हणाला, खोकला वाढलाय तुमचा, खिडकी लावून घ्या..."

निरोपात एकच वाक्य होतं. तुमच्या औषधाची वेळ झाली. बस.

तिने सगळं तपासलं. मास्तर गेले त्याच वर्षी निरोपाचा आवाज बदलला होता. बाबांचा नंबरही तेव्हाच यादीतून निघाला होता. तेव्हापासून कंपनीतून त्या घरी एकही फोन गेला नव्हता.

मग रोज संध्याकाळी कोण बोलत होतं?

तिने कोणाला काही विचारलं नाही. काढलेला कोड जसाच्या तसा परत घालून चालू केला. मास्तरांचा आवाज घातला. बाबांचा नंबर घातला. आणि संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन त्यांच्याशेजारी बसली.

फोन वाजला.

बाबांनी झडप घालून उचलला. मास्तरांचाच आवाज. ताईलाही स्पष्ट ऐकू आला.

"तुमच्या औषधाची वेळ झाली."

"घेतली रे गोळी," बाबा म्हणाले. "तू कसा आहेस?"

काहीच नाही...

"अरे, बोल ना."

खट्. फोन कट झाला.

बाबांनी रिसीव्हर हळूच खाली ठेवला. बराच वेळ हात त्यावरच होता.

"आवाज त्याचाच आहे गं," ते म्हणाले. "पण हा तो नाही."

पुढे कितीतरी संध्याकाळी गेल्या. फोन रोज येतो, एकच वाक्य बोलतो, बंद होतो. बाबा आता त्याला उत्तर देत नाहीत.

परवा ताई माझ्याकडे आली होती. चहा गार झाला तरी कप तसाच.

"कोड तर मी परत घातला," ती म्हणाली. "मग त्या दिवशी मी काढून काय टाकलं रे?"