कोपऱ्यातल्या बरणीचा वास

"उद्या हलाल प्रमाणपत्राची तपासणी आहे, आणि एका बरणीला स्पिरिटच्या, म्हणजे अल्कोहोलच्या, सेंटचा वास मारतोय," रुकय्या म्हणाली. "प्रमाणपत्र गेलं, तर माझा गुलकंद घेणार कोण?"

नवरा इरफान मस्कतला गेल्यापासून जुन्या नाशकातल्या गच्चीवर हा उद्योग तिनंच उभा केला होता. तिनं बोलावलेल्या हेमाताई नेरकर खासगी तपास करायच्या. त्यांचे शेजारी खंडेराव स्कूटरवर मागं बसून सल्ले द्यायचे. एखादा सल्ला कामी आल्याचं मात्र कुणाच्या ऐकिवात नाही.

उन्हात बरण्यांची रांग होती, तोंडाला मलमलीची फडकी. कोपऱ्यातली बरणी तेवढी घमघमत होती.

"सेंट लावून कामावर यायचं नाही, हा इथला पहिला नियम. जुम्म्याची सुट्टी त्याच्यानंतर," रुकय्या म्हणाली.

"सरळ पोलिसांत द्या," खंडेराव म्हणाले.

"नको. मालाचं मी बघते. कोण येऊन गेलं, तेवढं सांगा."

"जिन्याला कडी नसते?" हेमाताईंनी विचारलं.

"रात्रीही उघडाच ठेवते. असंच."

मखमलाबादहून गुलाब आणणारी साधना फणकारली. "दिवसभर फुलं तोडणारीला सेंट कशाला लागतंय, ताई?"

माल पोचवणाऱ्या लतीफनं मनगट पुढं केलं. "तेलाचं अत्तर, तेही सुट्टीच्या दिवशी. हुंगून बघा."

सासू हलीमाबी कोपऱ्यात भर उन्हात बसल्या होत्या. पत्र्याखालची सावली रिकामीच होती.

"अम्मी, सावलीत बसा की," खंडेराव म्हणाले.

"इथंच बरं वाटतं, बेटा. फडकी बांधायची, बसायचं. दुसरं काय जमतंय आता?"

हेमाताईंनी त्या बरणीत चमचा खोल घालून हुंगला. नुसता गुलाब. मग एकेका फडक्याची कड चाचपली. बाकी सगळ्यांचे दोरे सुटलेले. कोपऱ्यातल्याची कड चारी बाजूंनी शिवलेली.

त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं.

"बरणीत कुणी काही ओतलेलं नाही. वास वरच्या कापडाला आहे, आणि तो पुरुषाचा रुमाल आहे. फडकी अम्मी बांधतात. सावली सोडून त्या बसतात कुठं, तर याच बरणीपाशी."

हलीमाबींनी मान खाली घातली. "इरफानचा आहे. पेटीत वास मरत चालला होता. ऊन लागलं की परत येतो. नियम मला ठाऊक होता, बेटा. राहवलं नाही."

खंडेरावांना वारलेल्या बायकोची कपाटातली शाल आठवली. चार वर्षं त्यांनी ती धुतली नव्हती.

"आणि रुकय्याबाई, वास तुम्ही ओळखला होता," हेमाताई हळूच म्हणाल्या. "म्हणून पोलीस नकोत. म्हणून दार उघडं. मला तुम्ही मालासाठी बोलावलंच नाही."

रुकय्यानं बरणीवरच्या रुमालाकडं बघितलं.

"वर्ष झालं, फोन नाही. वाटलं, रात्री येऊन गेला असेल. खाली यायला लाजला असेल." तिनं पदरानं तोंड पुसलं. "म्हणजे कुणीच आलं नव्हतं."

"नाही."

तिनं रुमाल सोडला, नाकाशी धरला आणि सासूच्या हातात ठेवला. "खाली घरात ठेवा, अम्मी. मलाही देत जा. ही बरणी विकायची नाही, तपासायला येतील त्यांना मी सांगेन."

उतरताना खंडेरावांनी सवयीनं जिन्याचं दार ओढून घेतलं.

"काका," वरून रुकय्याचा आवाज आला, "उघडंच राहू द्या."