रंगाखालचे दोन स्क्रू

"काचेची भांडी बरी यापेक्षा!" सायकलवाले काका स्वतःशीच पुटपुटले. "जरा धक्का लागला की बसा रडत!"

चिमणी त्यांच्या कोपरापाशीच उकिडवी बसली होती, म्हणून तिला ते ऐकू आलं. समोर स्टँडवर ताईची, म्हणजे मामाच्या मुलीची, रेसिंग सायकल टांगलेली होती. कार्बनची, पिसासारखी हलकी, आणि मामाने आठच दिवसांपूर्वी रंगवलेली, निळीशार! चिमणी आणि तिचा धाकटा भाऊ गोट्या सुट्टीला मामाकडे आले, तेव्हापासून घरात दुसरा विषयच नव्हता. काल सराव करून ताईने ती भिंतीला टेकवली, वाऱ्याने ती उजव्या अंगावर धाडकन आडवी झाली, आणि तेव्हापासून गिअर बदलला की चेन भलत्याच चकतीवर उडी मारत होती.

"काका, उद्या सकाळी निवड शर्यत आहे," ताई म्हणाली. "संघात तीनच मुली घेणार आहेत. दोन वर्षं धडपडतेय मी!"

"हे बघ पोरी." काकांनी मागच्या चाकाच्या मध्याखाली बोट ठेवलं. "चेनला या चकतीवरून त्या चकतीवर नेतो तो डिरेलर. आणि तो ज्याला लटकतो तो हा बोटभर तुकडा, हँगर. तो आत वाकलाय. बऱ्याच सायकलींना हँगर सुटा असतो. दोन स्क्रू काढायचे, नवा बसवायचा, विषय संपला! तुझा मात्र फ्रेमलाच पक्का आहे. जोर लावून सरळ करायला गेलो तर कार्बन तडकेल. फ्रेम बाद समज."

"नीट पाहिलंत का, काका?" चिमणीने विचारलं.

"तीस वर्षं हेच पाहतोय!" काका म्हणाले आणि फोन घ्यायला आत गेलेसुद्धा.

ताईने सायकल स्टँडवरून उतरवली. ती ढकलत घरी आली आणि खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं. रडण्याचा आवाज आला असता तरी बरं वाटलं असतं. आवाजच नव्हता!

मामाच्या गाड्या रंगवायच्या शेडमागे, रिकाम्या डब्यांवर, सायकल मधे ठेवून तातडीची बैठक भरली. चिमणी, गोट्या आणि ताईचा भाऊ प्रोफेसर. तो तेरा वर्षांचा होता, पण बोलायचा तेहेतीस वर्षांचा असल्यासारखा.

"मला पटत नाही," चिमणी म्हणाली. "सायकल पडणार हे बनवणाऱ्याला माहीत नसतं का? एक बोटभर तुकडा वाकला म्हणून अख्खी फ्रेम फेकायची?"

"पूर्वी काही फ्रेम तशा बनायच्या. पण ही तशी आहे का, हा प्रश्न आहे." प्रोफेसरने ताईच्या फोनमधला जुना फोटो मोठा केला. सायकल आणली त्या दिवशीचा. "इथे बघ. हँगरच्या कडेने रेघ!"

"केस चिकटलाय फोनला," गोट्याने निकाल दिला.

"केस तुझ्या डोक्यावरचे उपटीन!"

"आता तिथे रेघ नाहीये," चिमणी म्हणाली. तिने वाकलेल्या हँगरवरून बोट फिरवलं. कुठेही फट नाही, खाच नाही. "चाकूने थोडा रंग खरवडू या?"

"नवीन रंगाला चाकू? ताई तुझी साल काढेल!"

गोट्या खिशातलं चुंबक डब्याच्या झाकणावर खुट् खुट् चिकटवत होता. मोडक्या स्पीकरमधून काढलेलं ते चुंबक तो झोपतानाही सोडत नसे.

"थांब!" प्रोफेसर ताडकन उठला. "कार्बनला चुंबक चिकटत नाही. हँगर ॲल्युमिनियमचा, त्यालाही नाही. पण स्क्रू?"

"पोलादी!" चिमणी ओरडली.

प्रोफेसरने मागचं चाक काढून बाजूला ठेवलं. चिमणीने चुंबक दोऱ्याला बांधून अलगद फिरवलं. वर काही नाही. मधे काही नाही. आणि मग, खुट्! तिने ते बोटभर खाली सरकवलं. पुन्हा खुट्!

"दोन!" गोट्या नाचायलाच लागला. "दोन स्क्रू!"

चिमणीने एका जागी नखाने हळूच खरवडलं. निळ्या रंगाखालून पांढरी भुकटी निघाली. रंग द्यायच्या आधी पत्र्यावरचे खड्डे बुजवायला मामा लावायचा तीच लांबी! स्क्रूच्या डोक्यातले खड्डेसुद्धा लांबीनेच बुजवले होते, आणि कडेची रेघही.

"पण मामाने स्क्रूवर का..." चिमणीने सुरुवात केली.

"बाबांना काही विचारायचं नाही," प्रोफेसर पटकन म्हणाला. आता तो अगदी तेराच वर्षांचा वाटत होता.

"का?"

"नाही म्हटलं ना! आधी सायकल."

सायकल घेऊन तिघे दुकानात पोचले तेव्हा काका शटर ओढत होते. "सुट्टीत दुसरे उद्योग नाहीत का रे तुम्हाला? सांगितलं ना, हँगर पक्का आहे!"

"तुमचं बरोबरच असेल, काका," चिमणी गोड आवाजात म्हणाली. "फक्त एक शंका. कार्बनला चुंबक चिकटतं?"

"छे!"

"ॲल्युमिनियमला?"

"मुळीच नाही. शाळेत काय शिकवतात तुम्हाला?"

"मग हे कशाला चिकटलं?"

खुट्!

काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. मग बारीक टोच्या घेतला. लांबीचा चुरा पडला आणि आत स्क्रूचं षटकोनी तोंड चमकलं. काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला!

"शटर वर कर रे," ते गोट्याला म्हणाले. "आणि तो खालचा खण ओढ!"

खणात पन्नास-साठ हँगर होते, आणि एकासारखा दुसरा नाही! वाकलेला तुकडा मधे ठेवून चौघांनी एकेक जुळवून पाहिला. याचं भोक वर, त्याची कड गोल, याचा कान तोकडा. खण रिकामा होत आला, तरी कुणी उठलं नाही. "हा!" गोट्या किंचाळला. जुना तुकडा कानापाशी वाकलेला होता, बाकी भोकाला भोक, कडेला कड तंतोतंत!

नवा हँगर बसला, आणि निरोप मिळून तासाभरात ताई आली. पाठोपाठ मामा-मामीही आले. ताईने सायकल रस्त्याच्या टोकापर्यंत पिटाळली आणि गिअर बदलत परत आणली. टक्, टक्, टक्. एकदाही खडखड नाही! तिने उतरून तिघांना एकदमच मिठीत घेतलं.

"उद्या मी शर्यतीला आहे!" ती म्हणाली.

"मी न बघताच निकाल देऊन मोकळा झालो," काका म्हणाले. "या पोरांनी हार मानली नाही. शाबास!"

"माझी भाची आहे ती!" मामाने चिमणीच्या पाठीवर थाप दिली. "आणि हे दोन वीरही काही कमी नाहीत."

"पण स्क्रूवर लांबी भरली कुणी?" काकांनी हसत विचारलं. "एवढं सफाईचं काम, पण भलत्या जागी!"

ताई हेल्मेटचा पट्टा बघायला लागली. प्रोफेसर चपलेने माती उकरू लागला.

"अहो, घाई होती ना त्या दिवशी," मामी म्हणाली. "शेडमध्ये उजेडही कमी असतो."

मामाने फ्रेम चाचपत हात हँगरपर्यंत नेला. अंगठा एका स्क्रूवर थांबला, मग दुसऱ्यावर.

"अंगठ्याला दोन खड्डे लागले," तो म्हणाला. "खड्डा लागला की मी भरतो. घाई नव्हती, अगं. उजेडही भरपूर होता."

"अहो, राहू दे ना आता..."

"नको. या पोरांनी एवढं खरवडून काढलं, आता मी कशाला झाकू?" मामाने मान वर केली आणि ताईच्या हेल्मेटच्या पट्ट्याची किटकिट येत होती त्या बाजूला वळला. "मला दिसत नाही, बाळा. वर्ष झालं. मला नीट दिसतच नाही."