त्याले घरी ये म्हण

ही घडलेली गोष्ट आहे. पटली तर पटली. ज्यांच्यावर गुदरली, ते अजून त्यातून बाहेर पडलेले नाहीत.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. गेल्या फेब्रुवारीतला एक रविवार, ऊन नुकतं उतरायला लागलं होतं. ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये रंजीता एकटीच होती. नवरा विजेच्या प्लांटमध्ये ड्युटीवर गेला होता.

तिचं माहेर कुरखेड्याकडचं. घरी आई गोकुळा आणि धाकटा भाऊ धनराज. वडील लटारू तलावात मासे धरायचे. त्याआधीच्या पावसाळ्यात, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी ते जाळं खांद्यावर टाकून निघाले...

ते परत आलेच नाहीत.

त्यांचा छोटा लाकडी डोंगा पाण्यावर तरंगताना सापडला. रिकामा. गावातल्या पोहणाऱ्यांनी सगळा तलाव ढवळून काढला. हाती काही लागलं नाही.

लोक म्हणाले, पिठाचा पुतळा करा, त्याला अग्नी द्या, मोकळे व्हा. गोकुळा ऐकेना.

"मुर्दा दाखवा मले. मंग पुसीन कुकू."

बहीण-भाऊ रोज फोन करायचे. पण बोलणार काय? शेवटी धनराजने एक खेळ शोधून काढला. ऑनलाइन. तो खेळ फिनलंडमधल्या कुठल्यातरी वस्तीत तुम्हाला नेऊन उभं करतो. फोटो खरे असतात. घरं, झाडं, पाट्या बघायच्या, बाण दाबत रस्त्याने चालायचं आणि नकाशावर दाखवायचं... ही वस्ती कोणती?

दोघांनाही तिथलं ओ की ठो कळत नव्हतं. म्हणूनच बरं वाटायचं. निदान तेवढा वेळ तलाव डोळ्यांपुढे यायचा नाही.

त्या रविवारीही फोन स्पीकरवर होता. तिच्यापुढे लॅपटॉप, त्याच्या हातात मोबाईल, दोघांना एकच फेरी. पिवळी लाकडी घरं. पांढऱ्या सालीची उंच झाडं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. टोकाला पाणी.

आणि पाण्याच्या काठाशी...

एक माणूस.

उकिडवा बसलेला. उघडा. कमरेला लुंगी, डोक्याला दुपट्टा.

रंजीताने फोटो मोठा केला. चेहरा पुसट होता. या फोटोंमध्ये सगळ्यांचेच चेहरे पुसट केलेले असतात. पण डावा खांदा खाली झुकलेला... जन्मभर जाळं वाहिलेल्या माणसाचा झुकतो तसा.

"धनू, तुले पाण्यापाशी कोणी दिसते का?"

"नाई. इथी तर कोणीच नाई."

"नीट पाह्य ना!"

"पाहूनच राह्यलो ताई. रस्ता हाय अन् पाणी हाय. बस."

तिने घाईने पुढची फेरी उघडली. दुसरं शहर. उंच इमारती, सायकलींची रांग.

तो तिथेही होता.

आता उभा. पाठमोरा. डांबरावर ओल्या पावलांचे ठसे...

पुढची फेरी.

तो तिच्याकडे वळला होता. अंगावरून पाणी निथळत होतं. चेहऱ्याच्या जागी तोच धूसर डाग.

रंजीताला रडू फुटलं. ती बाण दाबत त्याच्याकडे जाऊ लागली. ती जितकी पुढे जाई, तितकाच तो लांब. घरं संपली, पाट्या संपल्या, दोन्ही बाजूंना नुसतं जंगल. तरी तो तेवढ्याच अंतरावर.

तिचं रडणं ऐकून गोकुळाने धनराजच्या हातातून फोन घेतला.

"रंजू, काऊन रडून राह्यली वो?"

"माय... बाबा दिसून राह्यले मले. कंप्युटरात."

गोकुळाने ना शंका काढली, ना पोरीला वेड्यात. इतके महिने ती याच शब्दांची वाट बघत बसली होती.

"कसा हाय तो?"

"ओला हाय, माय. तसाच उभा हाय."

"त्याले घरी ये म्हण."

"पण तोंड नाई दिसत..."

"म्हण ना वो पोरी! तुले दिसला, तं तुयंच आयकन तो!"

मागून धनराज ओरडला, "ताई, नोको म्हणू!"

रंजीताने स्क्रीनवर तळहात टेकवला. काच गार होती.

"बाबा... घरी चला."

तिने हात काढला. रस्ता तोच. झाडं तीच.

तो नव्हता.

आणि फोनमधून आवाज आला... दाराची कडी वाजल्याचा.

"धनू? कोण आलं?"

आधी आईचाच आवाज आला. कधीचा न ऐकलेला, हसरा. "आले का? बसा, बसा. ताट वाढतो."

मग धनराज. अगदी हळू.

"ताई... दारात कोणीच नाई. पण उंबऱ्यावर पाणी पडून राह्यलं."

उन्हाळ्यात तलाव आटला. पलीकडच्या काठाला, एका झाडाच्या मुळांत अडकलेला सांगाडा सापडला. करदोड्याला घरच्या पेटीची किल्ली तशीच होती. लटारूच होते ते. पोळ्यापासून तिथेच होते.

धनराजने अग्नी दिला. रंजीता आली होती. घाटावरून परतल्यावर दोघं आईसमोर उभे राहिले. कपाळाचं कुंकू पुसायचं होतं. कोण सांगणार?

गोकुळा चुलीपाशी भात वाढत होती. समोर रिकामा पाट.

"कोनाची माती करून आले तुमी? हा इथी बसला नाई का?"

पाटाखालची जमीन ओली होती.

धनराजने आईला खूप विनवलं, पाया पडला. ती घर सोडेना. शेवटी तोच राजुऱ्याला कामावर निघून गेला. त्या घरात त्याला झोप लागत नाही.

रंजीताला एकच प्रश्न पोखरतो. बाबा तर मुळांत अडकून पडले होते. मग आपण घरी बोलावलं ते कोणाला? चेहरा तर तिने बघितलाच नव्हता...

आता सांजेला आईचा फोन येतो. पाऊसपाणी, शेजारच्या उमाजीभाऊची म्हैस, सगळं बोलून होतं. मग गोकुळा म्हणते, "थांब, बाबासंग बोल."

फोन दुसऱ्या हातात जातो.

पलीकडून कोणी बोलत नाही. फक्त पाणी ठिबकत राहतं... थेंब... थेंब...

हॅलो म्हणायची रंजीताची हिंमत होत नाही. फोन ठेवायचीही होत नाही.

न जाणो... बाबाच असले तर?