लांबवलेली मात्रा

"ओ भाऊ, जरा धरता काय? डोकं सांभाळजा, खालून हात द्या!"

पहिल्याच भेटीत मी त्याला भाऊ म्हटलं, याचं मला पुढे फार वाईट वाटलं. पण त्या वेळी इलाज नव्हता. जऊळक्याच्या स्टेशनावर गाडी थांबते ती नावापुरती. बायकांच्या डब्याच्या दारात मी अडकले होते, एका हातात पदर आणि दुसऱ्या हातात गोधडीत गुंडाळलेला लहानसा तंबोरा. बाबा दुसऱ्या डब्यातून उतरून मला भलतीकडेच शोधत होते. समोर उभ्या असलेल्या त्या तरुणाने काही न विचारता दोन्ही हात पुढे केले आणि गोधडी अगदी हळू छातीशी धरली.

"लेकरू आजारी हाय काय वो?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

मला हसू आवरेना. "हो ना. गळा बसला हाय त्याचा. वाशीमले दाखवून आणलं."

त्याने काळजीने गोधडीवरून हात फिरवला. आतून तारा झणकारल्या. तो क्षणभर बावरला, मग कान जवळ नेऊन म्हणाला, "गळा कुठं बसला? खर्जाची तार उतरली हाय फक्त."

आता बावरायची पाळी माझी होती. त्याचे डोळे हसत होते… आणि मी खाली बघत राहिले, फलाटावर जणू काही सांडलं होतं.

तो जगदेव. मूळचा आसेगावचा, घरी चार एकर शेती. अमरावतीला शिकताना तबला शिकला आणि आता जऊळक्याच्या शाळेत मास्तर होऊन आला होता. आमचे बाबा, रामराव, माणूस गोळा करण्यात पटाईत. स्टेशनावरून घरी पोचेपर्यंत त्यांनी ठरवूनही टाकलं. "मास्तर, आमच्या विजयमालेच्या साथीले तुमीच बसा. पोरगी विशारदले बसून राह्यली!"

ही एकोणीसशे अडतीसची गोष्ट. गाण्यातली विशारद म्हणजे मोठी परीक्षा. अकोल्याला जायचं, परक्या परीक्षकांपुढे बसून राग मांडायचा. आमच्यासारख्या शेतकरी घरातली पोरगी गाणं शिकते, हेच गावाला पचत नव्हतं. चतुराआत्या तर येता-जाता म्हणायची, "रामराव, पोरीले गायला लावून तू काय नाव काढून राह्यला?" बाबा माझ्या पाठीशी ठाम उभे होते. पण त्यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती, "बेटा, परीक्षा एकदाच. नापास झाली त मले गावाचं तोंड धरता येनार नाही. मंग तंबोरा खुंटीले. म्हनून तयार झाली का सांग, घाई नको करू."

तयार झाले की नाही, हे सांगायचं काम माझ्या गुरूचं, गोमतीबाईंचं. स्टेशनमास्तरांची ही थोरली बहीण कधीकाळी अमरावतीला मुलींना गाणं शिकवायची. आता रोज आमच्या घरी शिकवायला यायच्या. बोलणं अगदी कमी. माझं गाणं संपलं की त्या अडकित्ता उचलायच्या, सुपारी कातरायच्या आणि म्हणायच्या, "अजून नाही."

काय चुकलं ते कधी सांगायच्या नाहीत. त्यांची शिकवायची रीतच तशी, आपली चूक आपणच शोधायची.

जगदेव साथीला आल्यापासून मात्र माझं गाणं कसं फुललं! विलंबित एकताल म्हणजे बारा मात्रांचं लांबलचक चक्र. फिरत फिरत ते पुन्हा पहिल्या मात्रेवर येतं, ती सम. गाणाऱ्याने कितीही भटकावं, पण समेवर वेळेत घरी यावं. पूर्वी मी तिथे हमखास उशिरा पोचायचे. आता बागेश्रीत मनासारखी हिंडायचे, आणि सम आपली समोर उभी! मी त्याच्याकडे बघून हसायचे, तो मान डोलवायचा. थंडीचे दिवस, अंगणात तुरीच्या शेंगांचा ढीग, खिडकीतून येणारा शेकोटीचा वास… त्या चार भिंतींत मला दुसरं काही नको होतं.

"मास्तर, तुमी माह्याकडे का बघता हो, गाणं चालू असतांनी?"

"तुमी बघता म्हनून समजलं ना मी बघतो ते."

असं बोलायचा! आणि पुन्हा साळसूदपणे तबल्याला हातोडी लावायचा.

चैत्रातल्या परीक्षेला नावं पाठवायची वेळ आली. मी गायले, समेवर दर खेपेला नेमकी आले. गोमतीबाईंनी सुपारी कातरली.

"अजून नाही."

माझं डोकंच फिरलं. त्या आत गेल्यावर मी जगदेवला म्हणाले, "बाईंचं काही ऐकायचं नाही आता. मी नाव देते. तुमीच सांगा, एक तरी सम चुकली काय माही?"

तो तबल्यावर खोळ घालत होता. त्याचा हात थांबला.

"चुकली…" तो म्हणाला. "रोजच चुकते."

"काय?"

"तुमी मांगं राह्यल्या का मी मात्रा लांबवतो. थोडीशी. तुमी आल्या का मंग सम देतो. अकोल्याले मी नसीन. तिथं त्यायचा तबलजी राहीन. तो काहून थांबीन तुमच्यासाठी?"

म्हणजे मी समेवर येत नव्हते, सम माझ्याकडे आणून दिली जात होती!

"काहून केलं असं?"

त्याने खोळीची नाडी आवळली. मग खाली बघूनच म्हणाला, "समेवर आल्या का तुमी हासता. ते हासनं… चुकू नये वाटे मले."

दुसऱ्या कुठल्या दिवशी हे ऐकलं असतं, तर मी लाजून आत पळाले असते. त्या दिवशी मला इतका राग आला, की डोळ्यांत पाणीच आलं. "एका हासन्यापायी माही परीक्षा बुडवत होते तुमी! उद्यापासून येऊ नका."

दारात गोमतीबाई उभ्या होत्या. "मले काय ऐकू येत नाही?" त्या म्हणाल्या. "म्हनूनच 'अजून नाही' म्हनत होती. वाट पाहून राह्यली होती, दोघांपैकी आधी कोन बोलते त्याची."

जगदेव आला नाही. पण दोन दिवसांनी त्याने एक माणूस पाठवला, सेवादास. पोहरादेवीकडचा हा बैलांचा व्यापारी जऊळक्याच्या बाजारात यायचा, भजनात तबला वाजवायचा. तोंडात तंबाखू, डोळे मिटलेले. बसल्या बसल्या त्याने बजावलं, "पोरी, माहा ठेका सरळ चालते. तो कोनासाठी थांबत नाही."

आणि खरंच थांबला नाही. मी पहिल्या आवर्तनातच उताणी पडले. पुढल्याही. समोर बघितलं तर मिटलेले डोळे. मान डोलत नाही, भुवई हलत नाही… मला जगदेवची इतकी आठवण आली, की बागेश्री गाता गाता हुंदकाच निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लख्ख उजेडात मी बाबांसमोर जाऊन सांगितलं, "बाबा, चैत्रात नाही बसत मी. दिवाळीनंतर बघू."

बाबांनी बैलाच्या पाठीवरचा हात काढला. "मी त गावभर सांगून बसलो व!"

"तुमीच म्हनलं होतं ना, घाई नको."

ते हसले. "म्हनलं होतं खरं. आता आत्याले तूच सांग मात्र." आत्याने दोन महिने पुरेल एवढं तोंडसुख घेतलं. मी ऐकून घेतलं आणि रियाजाला बसले.

उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, ज्वारी कमरेएवढी आली. सेवादास बाजाराच्या दिवशी यायचा. कधीतरी माझ्या ध्यानात आलं, की बाहेर ओसरीवर, दाराकडे पाठ करून, कुणीतरी बसलेलं असतं. पांढरी टोपी, रुंद खांदे. आत यायचं नाही, बघायचं नाही, बोलायचं नाही. मी येऊ नका म्हटलं होतं, आणि हा माणूस उंबऱ्याच्या बाहेर बसून माझा शब्द पाळत होता. माझा राग तिथेच विरघळला. पण मी हाक मारली नाही. हाक मारली असती, तर तो आत आला असता आणि मी पुन्हा त्याच्या डोळ्यांत सम शोधली असती.

एका दिवशी तान लांबली आणि सम हुकली. एरवी माझी धांदल उडायची. त्या दिवशी मी गप्प बसले. सगळं आवर्तन नुसतं ऐकलं, मात्रा मनात मोजल्या, आणि पुढच्या समेवर शांतपणे बंदिशीची पहिली ओळ, तो मुखडा, घेऊन उतरले. सेवादासने पहिल्यांदाच डोळे उघडले.

गोमतीबाईंचा अडकित्ता हवेतच राहिला. "तुले काय वाटते?" त्यांनी विचारलं. असं त्यांनी आधी कधी विचारलं नव्हतं.

मला वाटत होतं, की चुका अजून होतील, पण चुकीची भीती गेली आहे.

"जाते म्हनते," मी म्हणाले.

"जाय मंग."

दिवाळीनंतर परीक्षेला गेले, तर अकोल्याचा तबलजी सेवादासपेक्षा कडक निघाला. बागेश्रीत एकदा घसरले, थांबले, ऐकलं, आणि परत आले. परीक्षकांनी कागदावरून मान वर केली. निकाल महिन्याने लागायचा होता, पण बाहेर पडताना मला तो ठाऊक होता.

व्हरांड्यात बाबांशेजारी जगदेव उभा होता, घामाने चिंब. बाबा एकदम म्हणाले, "मी टांगा पाहून येतो," आणि टांग्याच्या उलट्या दिशेने निघून गेले.

"तुमी घसरल्या ना," जगदेव म्हणाला, "तवा मांडीवर ठेका धरला होता, त्यातली मात्रा आपोआप लांबली…"

"मास्तर!"

"सवय हाय. सुटत नाही लवकर." तो कसाबसा हसला. "आसेगावले घर लहान हाय. मानसं साधी हायेत. तुमच्या बाबांले विचारू काय… असं विचारायचं होतं."

माझ्या छातीत द्रुत लय सुरू झाली. तरी मी बोट उगारलं. "जन्मभर मात्रा लांबवत बसाल माह्यासाठी?"

"नाही लांबवनार. शप्पथ." मग अगदी हळू, "पन चुकल्या तुमी कुठं, त थांबलो त चालीन?"

मी त्याच्याकडे बघितलं. कुठलाही ताल चालू नव्हता, कुणाची वाट बघायची नव्हती, आणि मला मनापासून हसू आलं.

"थांबा," मी म्हणाले. "मी येते बराबर."