कड्याची घाई

झिंगे आदल्या दिवशीच उकडून झाले होते. मिठाच्या पाण्यात, वर शेपूच्या फुलांचे झुबके टाकून, पातेलं रात्रभर तळघराच्या गारव्यात ठेवलं होतं. आता ते लालभडक झिंगे ताटात रचताना हिल्काच्या बोटांना शेपूचा वास चिकटला, आणि तो सहजासहजी जायचा नाही हे तिला सवयीनं ठाऊक होतं.

ऑगस्ट संपत आला होता. तळ्याकाठच्या सगळ्या लाकडी घरांतून आज हेच चाललं असणार: धक्क्यावर कागदी कंदील, लांब टेबल, गळ्यात कागदी फडकी बांधून झिंगे चोखणारी माणसं, आणि सौनाचा, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराचा, धूर. उन्हाळ्याची ही शेवटची पंगत. ही झाली की घरं बंद करायची, पाण्याचे नळ रिकामे करायचे आणि शहरात परतायचं.

हिल्काच्या घराची मात्र ही खरोखरच शेवटची पंगत होती. उद्या दुपारी घर विकत घ्यायला माणसं येणार होती.

"झाली का नाही तयारी?" खाली धक्क्यापाशी होडी लावता लावता तिचा दीर एन्सिओ ओरडला. तळ्यातले झिंगे पकडायचे रिकामे सापळे उचलून आणले होते त्यानं. "आणि त्या डाव्या वल्ह्याच्या कडीला तेल घाला रे कोणीतरी! कुरकुर ऐकून मासे कान झाकून बसलेत!"

"तुझ्या भावाला सांग," हिल्का म्हणाली, आणि म्हटल्यावर तिची तिलाच जीभ चावावीशी वाटली.

भाऊ, म्हणजे हिल्काचा नवरा ताउनो, ओसरीवरच्या टेबलाच्या टोकाला त्याच्या खुर्चीत बसला होता. होडी त्याचीच. त्या कडीला त्यानं जन्मात कधी तेल घातलं नव्हतं. डावं वल्हं सावकाश ओढून झटक्यात परत न्यायची त्याला खोड, त्यामुळे तो होडी घेऊन निघाला की एक लांब कुरकुर, एक आखूड, अशी ऐकू यायची आणि हिल्काला घरात बसून कळायचं, आले महाराज.

गेल्या शरद ऋतूत त्याला अर्धांगाचा झटका आला. हात सुधारला, पाय सुधारला, काठी घेऊन चालायलाही लागला. पण तोंडून एक शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, गळा ठीक आहे, जीभ ठीक आहे, बोलायला हवं खरं तर. हवं! वसंतात बर्फ फुटलं तेव्हा ती त्याला इथं घेऊन आली, आणि तेव्हापासून हा माणूस पाण्याकडे तोंड करून, मान जराशी कलती ठेवून, समोरच्या कड्याकडे बघत बसलेला. हिल्कानं त्याला गोष्टी सांगून पाहिल्या, भांडून पाहिलं, एकदा तर रागानं कॉफीचा पेला आपटून पाहिला. ढिम्म.

या टेबलावर गाणं ताउनो सुरू करायचा. कडक दारूचे छोटे प्याले उचलायच्या आधी एक गाणं, हा इकडचा शिरस्ताच. त्याचं ठरलेलं होतं: "तळ्याला तळ नाही, प्याल्यालाही तळ नाही." आणि हिल्का दर वर्षी म्हणायची, "तळ आहे. मी मोजलाय." खोटं नव्हतं ते. जलखात्यात सगळी नोकरी तिनं तळी मोजण्यातच घालवली होती. खोली, वारा, प्रवाह, बर्फाची जाडी. या तळ्याचा तर कोपरान् कोपरा तिला पाठ.

घर जायचं तर जाऊ दे. एकटीच्यानं सरपण, छप्पर, विहीर होत नव्हतं. फक्त जाण्यापूर्वी एकदा या टेबलावर त्याचा आवाज ऐकायचा होता तिला. एवढंच मागणं होतं, आणि ते कुणाला बोलून दाखवायचीही तिला लाज वाटत होती.

ती बटाट्यांवर मीठ भुरभुरवत होती तेव्हा पाण्यापलीकडून काचेचं काहीतरी फुटल्याचा आवाज आला. पाठोपाठ बाईचा आवाज: "अगं बाई गं!"

हिल्कानं मान वर केली. पलीकडे उभा कडा होता आणि त्याच्या दोन्ही अंगांना दलदल. तिथं घर नाही, पायवाट नाही, होडी लावायला जागा नाही.

तेवढ्यात दारात एन्सिओची बायको इर्मेली ताटल्यांची चवड घेऊन आली, तिचा पाय उंबऱ्याला अडखळला, आणि वरची काचेची बशी खाली पडून फुटली.

"अगं बाई गं!" इर्मेली म्हणाली.

हिल्कानं केरसुणी आणली. आधी बशी फुटली असणार आणि मग कड्यावरून आवाज आला असणार, तिनं मनाशी ठरवलं. दमल्यावर माणसाचा आगापीछा चुकतो. त्या कड्याचा घुमारा तर प्रसिद्धच होता. इकडून हाक मारावी, मधे एक श्वास घ्यावा, आणि हाक परत यावी.

जेवायला बसले. सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला होता आणि पाणी अगदी गप्प होतं. चोखण्याचे, नांग्या मोडण्याचे आवाज, राय नावाच्या धान्याचा भाजका पाव, त्यावर शेपू घातलेलं लोणी. एन्सिओ बडबडत होता. ताउनोला इर्मेली झिंगा सोलून देत होती आणि तो मुकाट खात होता, कान मात्र पलीकडे.

पलीकडून प्याल्यांचा किणकिणाट आला. मग एन्सिओचा तो खोकत खोकत हसण्याचा आवाज.

एन्सिओचा हात प्याल्याकडे निघाला होता, तो तसाच थांबला.

"हे मी हसलो?"

"तू अजून हसला नाहीस," इर्मेली म्हणाली.

त्यावर एन्सिओला हसू फुटलं, खोकत खोकत, आणि हसण्याच्या भरात त्याचा प्याला इर्मेलीच्या प्याल्यावर आपटून किणकिणला. मग तो हसायचा थांबला. टेबलावर कुणी कुणाकडे बघेना.

"आज कड्याला घाई झालेली दिसते," तो म्हणाला. विनोद करायचा होता त्याला, पण जमला नाही.

"हवेचा खेळ असतो," हिल्का म्हणाली. "खाली पाणी गार, वर हवा गरम. आवाज वाकतो."

"वाकतो, हे ठीक. पण आधी कसा येतो?" इर्मेलीनं विचारलं.

हिल्कानं बोट ओलं करून वारा पाहिला. वारा नव्हताच.

पलीकडून धातूचं झाकण खाली पडून गरगरत थांबल्याचा आवाज आला. सगळ्यांनी एकदम टेबलावरच्या मोठ्या पातेल्याकडे पाहिलं. आता बघतेच, हिल्का मनात म्हणाली. तिनं दोन्ही हातांनी झाकण धरलं आणि पातेल्यावर दाबून ठेवलं. नाही पडू देत. पण त्यातले नवे बटाटे नुकतेच चुलीवरून उतरले होते. झाकणाखालून वाफेचा झोत निघाला, तिच्या मनगटाला चटका बसला आणि हात आपोआप सुटले. झाकण फळ्यांवर पडलं, गरगरत गेलं आणि थांबलं.

कुणी उचललं नाही ते.

हिल्काला भीती वाटायला हवी होती. पण आश्चर्य असं की तिला वाटत होता तो आदर. इतकी वर्षं तिनं हे तळं मोजलं, आणि त्यानं आपलं मोठेपण कधी दाखवलं नाही, आज दाखवत होतं. तिच्या अंगावर काटा आला आणि डोळ्यांत पाणीही आलं.

मग पलीकडून गाणं आलं.

"तळ्याला तळ नाही..."

जाड, जरासा बेसूर, शेवटचा शब्द लांबवणारा आवाज. तो आवाज तिनं आयुष्यभर ऐकला होता आणि गेलं वर्षभर ऐकला नव्हता. कड्यावरून पाण्यावर उतरत तो आला, पूर्ण गाणं, एकही ओळ न गाळता.

इर्मेलीनं तोंडावर हात ठेवला. एन्सिओ रडत होता, त्याला पत्ताच नव्हता.

गाणं संपलं. पाणी गप्प झालं.

 सगळे ताउनोकडे बघत होते.

ताउनोनं गळ्यातलं कागदी फडकं नीट केलं. प्याला उचलला. घसा खाकरला.

आणि गायला.

जाड, बेसूर आवाजात, शेवटचा शब्द लांबवत. हिल्का देवाधर्माची बाई नव्हती, पण त्या क्षणी तिला कुणाच्या तरी पाया पडावंसं वाटलं. कुणाच्या, ते कळेना.

"तळ आहे," गाणं संपल्यावर ती कशीबशी म्हणाली. "मी मोजलाय."

"माहितेय गं," ताउनो म्हणाला. "दर वर्षी सांगतेस."

मग काय विचारता! एन्सिओनं भावाला मिठी मारली, इर्मेलीनं दोघांना मिठी मारली, बटाटे सांडले, सगळे एकदम बोलायला लागले. ताउनो मोजकंच बोलत होता. मीठ दे म्हणाला, झिंगे झकास झालेत म्हणाला. जणू कालच बोलणं थांबवलं होतं.

"झालं तर मग!" एन्सिओ डोळे पुसत म्हणाला. "आता कशाला विकता घर? मी उद्या त्या लोकांना कळवतो, येऊ नका म्हणून."

"कळव," हिल्का म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "कळव, कळव."

"हाका राहिल्यात," ताउनो म्हणाला.

सासऱ्यांच्या वेळेपासूनची पद्धत होती ती. शेवटच्या पंगतीला घरच्या बाईनं धक्क्याच्या टोकाशी जायचं आणि प्रत्येकाच्या नावानं कड्याला हाक मारायची. ज्याचं नाव परत आलं तो पुढच्या उन्हाळ्याला परत येणार. कुणाचा यावर विश्वास नव्हता, आणि कुणी कधी हाक चुकवलीही नव्हती.

हिल्का धक्क्याच्या टोकाशी गेली. तिनं अजून तोंड उघडलं नव्हतं.

"एन्सिओऽऽ," पलीकडून तिचाच आवाज आला. "इर्मेलीऽऽ." मग जरा थांबून, "हिल्काऽऽ."

ती वाट बघत राहिली.

आणखी काही आलं नाही.

मागं वळून तिनं पाहिलं. ताउनो काठी टेकत धक्क्यावर आला होता आणि तिच्याकडे मायेनं बघत होता.

तिनं हाका मारल्या. एन्सिओ, इर्मेली, हिल्का. कड्यानं त्या गिळून टाकल्या. त्यांचा घुमारा येऊन गेला होता. आता शेवटची उरली. ती मारू नये असं तिला आतून वाटत होतं, आणि त्याला वगळणं तर शक्यच नव्हतं. तिनं छाती भरून श्वास घेतला.

"ताउनोऽऽऽ!"

हाक पाण्यावरून गेली. परत आली नाही.

"माझं नाव केव्हाच येऊन गेलं," ताउनो तिच्या पाठीशी हळूच म्हणाला. "बर्फ फुटत होतं ना, तेव्हा. तुझाच आवाज. जीभ तेव्हाच सुटली होती, पण तेव्हापासून ऐकत बसलोय पुढचं काय येतं ते. मधे बोललो असतो तर ऐकू आलं नसतं."

"म्हणून तू..."

"म्हणून."

"पुढचं काय आलं?"

त्यानं मान जराशी कलती केली.

मागं टेबलाशी एन्सिओ आणि इर्मेली पुन्हा भरलेल्या प्याल्यांवरून हुज्जत घालत होते. त्यांना काही ऐकू गेलं नाही. हिल्काला गेलं.

पलीकडून वल्ही चालत होती.

एक लांब कुरकुर. एक आखूड. एक लांब, एक आखूड. एकाच माणसाची, कसलीही घाई नसलेली. जवळ येत नव्हती. लांब चालली होती.

"ऐकलंस?" ताउनोनं विचारलं. त्याचा चेहरा इतका शांत होता की तिला तो बघवेना.

"नाही," हिल्का म्हणाली.

ती तडक टेबलाशी गेली.

"एन्सिओ, येऊ दे उद्या त्या लोकांना. घर विकून टाकायचं. होडीसकट."

"अगं, आत्ता तर म्हणालीस..."

"होडीसकट, म्हटलं ना!"

तिनं टेबलावरची लोण्याची वाटी उचलली आणि खाली काठावर गेली. होडी तिथंच होती, नाक वाळूत, वल्ही कड्यांत अडकवलेली. ती गुडघ्यांवर बसली. बोटांनी लोणी काढून डाव्या कडीत भरलं, आणखी भरलं, वाटी पुसून घेईपर्यंत भरलं. शेपूचे तुकडे लाकडाला चिकटून राहिले. मग तिनं वल्हं धरलं आणि पुढं ओढलं, मागं ढकललं, पुन्हा पुढं ओढलं.

आवाज नाही. अगदी म्हणून अगदी नाही.

तिनं वल्हं सोडलं आणि ऐकलं.

पलीकडं कुरकुर चालूच होती. एक लांब, एक आखूड.