हत्तीच्या पाठीवरचा लाल ठिपका

"अथर्व्या, पंखा बंद कर! मैदा उडतोय सगळा!"

"पंखा बंद केला की लोणी वितळतंय, ताई! या उंटाचे बघ, चाराचे अडीच पाय झालेत!"

"मग बसलेला उंट आहे म्हण. बंद कर आधी!"

मे महिन्यातलं सोलापूर. बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. आणि बाळीवेशीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या स्वयंपाकघरात भार्गवी, तिचा धाकटा भाऊ अथर्व आणि समोरच्या घरातला विरेश ओव्हनपुढे बसून कुकीजच्या आधी स्वतःच भाजून निघत होते. भार्गवी पोळपाटावर मैद्याचा गोळा लाटायची, विरेश पत्र्याचे साचे दाबून हत्ती, उंट, चांदण्या कापायचा आणि अथर्व उरलेल्या कडा गोळा करून परत गोळ्यात कोंबायचा. म्हणजे कोंबायला हव्या होत्या. निम्म्या तो तोंडात टाकायला बघायचा.

"हात!" भार्गवीने उलथनं उगारलं. "बोट चाटायचं नाही! ओजसचं खाणं आहे हे!"

ओजस म्हणजे लीलाआत्याचा मुलगा. आज तो सहा वर्षांचा होणार होता. त्याला शेंगदाणा चालत नव्हता. एक दाणा पोटात गेला तरी ओठ सुजायचे, अंगावर गांधी उठायच्या, श्वास अडकायचा. मागच्या दिवाळीत कुणीतरी लाडात चिक्कीचा तुकडा भरवला आणि त्याला थेट दवाखान्यात ऑक्सिजन लावावा लागला होता. बरं, राहायचा कुठे? सोलापुरात! जिथे भाजीत कूट, आमटीत कूट, काकडीवर कूट आणि वरून शेंगाचटणी! प्रत्येक वाढदिवसाला तो बिचारा कोपऱ्यात आपला घरचा डबा उघडून बसायचा.

म्हणून भार्गवीने त्याला शब्द दिला होता. "तुझ्या वाढदिवसाला सगळे जे खातील, तेच तू खाणार!"

आईने आत्याच्या मदतीला जाण्यापूर्वी सगळं घर घासून काढलं होतं, शेंगदाण्याचा डबा घराबाहेर काढला होता. "आता तुझ्यावर आहे हां," असं म्हणून ती गेली. तेव्हापासून भार्गवी प्रत्येक पाकीट दोनदा वाचून मगच फोडत होती.

"पिठीसाखर! हाजिर!" दुकानात साखर आणायला गेलेले एकनाथकाका दारातून ओरडले आणि त्यांनी एक स्टीलचा डबा ओट्यावर ठेवला.

"पाकीट नाही आणलं, काका?"

"सुटी मिळाली की. पाकिटाला काय चाटायचंय?"

"पण डबा कशाला?"

"भार्गे, तू वकील हो. लई प्रश्न असतात तुझे!" काकांनी घाम पुसला. त्यांना जाऊन दोन तास झाले होते, आणि मिशीला चहाचा वास होता. "आणि एवढं काय घाबरायचं त्या शेंगदाण्याला? सोलापूरचं पोरगं आणि त्याला शेंगा चालत न्हाईत! आमच्या वेळी असलं काही नव्हतं बघ. आम्ही खिसे भरून शेंगा खाल्ल्या."

"आणि अजून तुमच्या शर्टाच्या खिशात टरफलं सापडतात," अथर्व म्हणाला.

काका हसत बाहेर जाऊन बसले. भार्गवीने पिठीसाखरेत दूध घातलं. आयसिंग पांढरंशुभ्र व्हायला हवं होतं. ते झालं जरा… मळकट. उन्हात विटलेल्या भिंतीसारखं. दुधाचा रंग असेल, असं तिने स्वतःला समजावलं. प्लास्टिकच्या पिशवीचं टोक कापून तिने चांदण्यांना किनार काढली, उंटांना निळी झूल चढवली. सगळ्यात मोठा हत्ती मात्र पांढरा ठेवला. तो ओजसचा.

हत्तीच्या पाठीवर एक लाल ठिपका दिसत होता.

"अथर्व, लाल रंग सांडलास ना?"

"मी नाही हात लावला!"

"दुसरं कोण सांडणार?" तिने टूथपिकने ठिपका उचलून टाकला. तेवढ्यात काकांची हाक आली, "झालं का? मला पुढं जायचंय! तुम्ही आंघोळी करून या रिक्षानं!" आणि कुकीजचा खोका डिकीत घालून काकांची स्कूटर फटफटत जुळे सोलापूरला, आत्याच्या घरी गेलीसुद्धा.

आंघोळी उरकून तिघे परत स्वयंपाकघरात जमले. अथर्व याच क्षणाची सकाळपासून वाट बघत होता. तो आयसिंगच्या पातेल्यावर तुटून पडला. एक बोट, दोन बोटं, आणि मग त्याचं तोंड वाकडं झालं.

"ताई, हे तिखट लागतंय."

"नाटकं बंद कर."

"आईशप्पथ!"

विरेशने बोट बुडवलं. चाटलं. त्याचे डोळे मोठे झाले. "अय्यो! भार्गवी, यात लसूण आहे!"

साखरेत लसूण? तिने लाल रंगाची बाटली उचलली. झाकणावरचं सील जसंच्या तसं होतं. म्हणजे तो ठिपका रंगाचा नव्हता! मग कशाचा? सोलापुरात तिखट, लसूण आणि…

"डबा!" ती ओरडली. "तो स्टीलचा डबा उलटा कर!"

विरेशने डबा पालथा केला. बुडाला, भांड्याच्या दुकानात कोरून देतात तसं, टिंबाटिंबांनी नाव होतं. सौ. गोजाबाई.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. खालच्या मजल्यावरच्या गोजाकाकू! अर्ध्या बाळीवेशीला शेंगाचटणी पुरवणाऱ्या!

तिघे जिना उतरले की घसरले ते सांगता येणार नाही. गोजाकाकू दारातच सुपात मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या.

"काकू, एकनाथकाका आले होते का? साखर दळायला?"

"व्हय, आलता की. दुकानातनं साखर आणायची इसरलो म्हणला. चा पीत बसलो, आता घरी गेलो तर पोरं डोकं खातील म्हणला. मीच दिली माज्या घरातली साखर दळून, आन डबाबी दिला."

"कशात दळली?"

"माज्या जारात. दुसरा कुटला हाय?"

"जार धुतला होता ना, काकू?" भार्गवीने त्यांचा हात धरून विचारलं.

"चटणीचा जार कुनी धुतंय व्हय!" काकूंना प्रश्नच कळेना. "पानी लागलं की चटणीला बुरशी येती. कोरड्या फडक्यानं पुसायचा. चांगला पुसून दिलाय की!"

"काकू, त्या कुकीज ओजस खाणार आहे!"

काकूंच्या हातातलं सूप खाली पडलं. मिरच्या जिन्यापर्यंत गेल्या. "आगं बया! त्या लेकराला शेंगा चालत न्हाईत की!"

भार्गवीने काकूंचा फोन घेतला. काकांना लावला. वरच्या मजल्यावर, भार्गवीच्याच घरात, टेबलावर घंटी वाजली. फोन विसरून गेले होते! आत्याला लावला, उचलला नाही. आईला लावला.

"आई! कुकीज देऊ नको! आई, ऐक, शेंगदाणा…"

पलीकडे ढोलाचा ठेका आणि पोरांचा गोंधळ. "काय गं? कुकीज? हो हो, पोचल्या! लवकर या, केक कापतोय!" आणि फोन बंद. परत लावला, तर नुसतीच रिंग.

कोपऱ्यावर धुळाप्पामामांची रिक्षा उभी होती. मामा निवांत पाय पसरून बसले होते. "दोन शिटा भरू द्या की. मग सोडतो."

"मीच दोन शिटांची हाय!" गोजाकाकू धाडकन आत बसल्या. रिक्षा एका बाजूला कलली. "हाण गाडी, धुळाप्पा!"

मामांनी हाणली. पण सात रस्त्यावर सिग्नल लाल. पुढे कडब्याचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत चाललेला. भार्गवीला डोळ्यांपुढे एकच दिसत होतं. कोपऱ्यात न बसलेला, सगळ्यांच्या मधे बसलेला ओजस. तिनेच त्याला सांगितलं होतं ना, बिनधास्त खा म्हणून? तो बिनधास्तच खाणार! तिच्यावर विश्वास ठेवून खाणार! तिने रिक्षाचा दांडा इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. अथर्व पुढे वाकून मामांचा हॉर्न दाबत होता.

आत्याच्या घराची गच्ची. तीन जिने. काकू पहिल्यावरच धापा टाकत बसल्या. "पळा तुमी! मी येतो!"

गच्चीवर स्पीकर गच्ची हलवत होता. आई आणि आत्या कुठेच दिसेनात. आइस्क्रीम आणायला खाली गेल्या असणार. काका ट्रे घेऊन फिरत होते आणि पाहुणे चांदण्या उचलत होते. पार पलीकडच्या टोकाला, लाल खुर्चीत, डोक्यावर कागदी मुकुट घालून ओजस बसला होता. त्याच्या दोन्ही हातांत तो पांढरा हत्ती. मधे खुर्च्यांच्या रांगा, पाहुणे, फुगे.

"आली बघा आमची बेकरी!" काका ओरडले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"काका, थांबवा! त्यात शेंगदाणा आहे!"

"असू दे की," एक जाडजूड पाहुणे चांदणी चावत म्हणाले. "म्हणूनच खमंग लागतंय!"

"शेंगदाणा कुठला? साखर मी स्वतः दुकानातनं आणलीया!" काकांनी डोळे मिचकावले. "पोरीच्या डोक्यात शेंगदाणा बसलाय!"

हशा झाला. विरेश खुर्च्यांमधून घुसला, त्याला एका आजोबांनी दंडाला धरलं, "अरे, लाइनीत ये, मिळेल तुलाही!" भार्गवी दुसरीकडून वळली तर तिथे केकचं टेबल आडवं. ओजसने तिला पाहिलं. तो खूश होऊन हसला. हत्ती उंच करून दाखवला. आणि मग सोंड तोंडाकडे नेली.

शेंगदाण्याला इथे कुणी घाबरत नाही. मग कशाला घाबरतात?

भार्गवीने छातीत मावेल तेवढी हवा भरली.

"पाऽऽऽल! आयसिंगमध्ये पाल पडली होती!"

अहाहा! काय सांगू! जाडजूड पाहुण्यांची चांदणी तोंडातून बंदुकीच्या गोळीसारखी सुटली. एका मावशींनी पदर तोंडाला लावला, दुसऱ्या कुंडीकडे धावल्या. सगळी गच्ची थू थू करत सुटली. खुद्द काकांच्या हातातला ट्रे पडला, कारण खुद्द काकांनी तीन उंट खाल्ले होते! आणि जगात ज्याला फक्त पालीची भीती वाटते त्या ओजसने किंकाळी फोडून हत्ती लांब भिरकावला.

भार्गवी टेबलाखालून सरपटत त्याच्यापर्यंत पोचली. "खाल्लंस का? ओजस, खरं सांग! चाटलंस?"

"नाही… वास घेतला फक्त."

आरडाओरडा ऐकून आत्या आणि आई धावत वर आल्या. भार्गवीने दोन वाक्यांत सांगितलं, आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. तिने ओजसचे हात साबणाने धुतले, ओठ बघितले, पाठ बघितली, परत ओठ बघितले. कुणीतरी स्पीकर बंद केला. सगळे त्या एवढ्याशा ओठांकडे बघत उभे राहिले. वेळ जाता जाईना.

"मला काही होत नाहीये," शेवटी ओजस म्हणाला. "पाल कुठाय?"

"तेच म्हणतो मी!" काका उसळले. "साखर चांगली होती!"

विरेशने अगदी गरीब चेहरा केला. "काकांनी दुकानातून आणली म्हणजे पाल दुकानातल्या पोत्यातच असणार. चला, दुकानदाराला धरू!"

"कुठलं दुकान?" जाडजूड पाहुण्यांनी बाह्या वर केल्या. "नाव सांगा, एकनाथराव! आत्ता जाऊ!"

"अहो, दुकान… तसं दुकान म्हणजे…" काकांचा घाम मिशीवरून ओघळला. "दुकानातनं नाही आणली. साखर गोजाकाकूंचीच, त्यांच्याकडनंच दळून घेतली. पण त्यांच्याकडं पाल नाही!"

"कशात दळली, काका?" अथर्वने गोड आवाजात विचारलं.

"मिक्सरच्या… शेंगाचटणीच्या…" आणि काका थांबले.

"न धुतलेल्या जारात!" जिन्याच्या दारातून गोजाकाकू धापा टाकत म्हणाल्या. "चुकलं बाबा! माजं बी चुकलं!"

"पाल नव्हतीच," भार्गवी म्हणाली. "मी खोटं बोलले. पण शेंगदाणा म्हटलं तर सगळे हसलात. पाल म्हटल्यावर थुंकलात."

मघाशी विरेशला धरणारे आजोबा पुढे आले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, आज आमच्यात मोठी तूच गं." आत्याने तर तिघांना एकदमच मिठी मारली, अथर्वचा श्वास कोंडेपर्यंत. काका ओजससमोर उकिडवे बसले. "बाळा, माझ्या आळसापायी…" एवढंच म्हणाले, आणि डोळे पुसायला लागले.

"माझा हत्ती फुटला," ओजस म्हणाला आणि मग मात्र तो रडला.

दुसऱ्या दिवशी बाळीवेशीतल्या त्या स्वयंपाकघरात पंखा परत बंद होता. पोळपाटापुढे मांडी घालून एकनाथकाका बसले होते, अंगावर आईचा एप्रन, मिशीला मैदा. पिठीसाखर त्यांनीच दुकानातून आणली होती, पाकीटबंद, आणि पाकीट भार्गवीने चारी बाजूंनी वाचल्याशिवाय फोडलं नव्हतं.

"काका, हत्तीला सोंड एकच असते," अथर्व म्हणाला.

"ती शेपूट हाय!"

गोजाकाकू दाराबाहेरच उभ्या राहिल्या. "मी आत येत न्हाई. अंगाला चटणी लागली आसंल." त्यांनी एक नवा कोरा स्टीलचा डबा लांबूनच आत सरकवला. "आजच घेतला. आमच्या घरातलं त्यात कायबी गेलेलं न्हाई."

भार्गवीने तो तरीही साबणाने धुतला. दोनदा. मग पुसून, सगळ्यात मोठा पांढरा हत्ती त्यात ठेवून तिने तो आत्याबरोबर आलेल्या ओजसच्या हातात दिला. ओजसने झाकण उघडून हत्ती बाहेर काढला. आई, आत्या, काका, विरेश, सगळ्यांनी आपापली कुकी हातात धरली, पण खाईना कुणीच.

ओजसने सोंड मोडली आणि खाल्ली.

"कसं लागतंय रे?" तिने हळूच विचारलं.

ओजस चावत राहिला, विचार करत राहिला. मग त्याने रिकामा डबा पालथा केला आणि बुडाकडे बोट दाखवलं. तिथे टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं, चि. ओजस.

"गोड," तो म्हणाला. "आता तुम्ही पण खा की!"